चौसष्ट सालचा चौदावा अंक

आमच्या कोकंदच्या गल्लीत एर्गाश-अकांसारखा हट्टी न्हावी दुसरा झाला नाही. दुकान सोडलं, पण नाद सोडला नाही. नाद कसला, तर एका जुन्या विनोदी पाक्षिकाचे अंक जमवायचा! आतलं अक्षर वाचायचे नाहीत, जीव सगळा मुखपृष्ठावर. टरबुजावर बसून भाषण ठोकणारा चेअरमन, कचेरीत सही करणारं गाढव, असली रंगीत चित्रं. अंक हाती लागला की चित्राच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं बारीक फुली मारायचे. फुली पडली, की शोध संपला.

चौसष्ट सालचा चौदावा तेवढा मिळेना. त्यासाठी वीस वर्षं दर रविवारी स्वारी जुन्या बाजारात. खुर्चीत झोपलेला साहेब आणि त्याच्या कानातून उगवलेलं कापसाचं झाड, हे वर्णन अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं.

गेल्या वसंतात त्यांच्या नातीचं, झुमरदचं, लग्न ठरलं. अकांच्या बायकोनं, अदोलत-आपानं, आपल्या लग्नातली संदूक तिला द्यायचं ठरवलं आणि रिकामी करायला मला शेजारणीला बोलावलं. आमच्याकडे बायकोच्या संदुकीला नवरा हात लावत नाही. झाकणाला आतून चित्रं चिकटवून देते ती मुलीची आई. झाकण उघडलं आणि मी किंचाळलेच. कानात कापसाचं झाड!

"अगं आपा, हा तर तुझ्या म्हाताऱ्याचा चौदावा!"

"हळू बोल, मेले! मला काय ठाऊक नाही?"

"आणि वीस वर्षं गप्प बसलीस?"

"मग काय करू? हा मिळाला की रविवारी घरात बसेल, माझ्या पुलावात नाक खुपसेल, मांजराची हजामत करेल. आठवड्यातला एक दिवस मिळतो गं मला! आता संदूक उचलायला तोच येणार. झाकण उघडलं तर संपलंच."

ओलं फडकं घेऊन ती चित्र खरवडायला बसली. कोपऱ्यातली धूळ निघाली आणि खाली लाल पेन्सिलीची बारीक फुली दिसली. पार विटलेली.

आपाच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"चोरटा मेला! माझ्या संदुकीत हात घातला!" मग हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "आणि दर रविवारी माझ्यापासून पळ काढत होता होय!"

चित्र तसंच ठेवून संदूक झुमरदच्या सासरी, मार्गिलानला गेली.

पुढच्या रविवारी अका टोपी घालून निघाले. "आज चौदावा मिळतोच बघ!"

आपानं त्यांच्या पिशवीत भट्टीतून काढलेले मटणाचे दोन गरम सामसे कोंबले. "घाई नको हं," ती म्हणाली. "सावकाश शोधा."