झांजेला जागा नाही

वृंदा गोडबोले खोटं फार सफाईने बोलायची नाही, पण अर्धं खरं बोलण्यात तिचा हात धरणारं आयर्लंडमधल्या डंडॉक गावात कोणी नव्हतं. नोकरीही तशीच. एका कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या गोड शब्दांत त्यांच्या पदरात घालायच्या.

मार्चमध्ये तिची रूममेट निहारिका सुट्टीला म्हणून नागपूरला गेली आणि करोनामुळे विमानं बंद झाल्यावर तिथेच अडकली. तेव्हापासून वृंदा एकटीच. आईचा रोज फोन. जेवलीस का, हा प्रश्न आधी आणि मग, "अगं, जवळ कोणी आहे की नाही तिथं?" वृंदा म्हणायची, "आहेत गं, खूप जण आहेत." आईला ते पटायचं नाही. खरं सांगायचं तर वृंदालाही पटायचं नाही.

ऑगस्ट आला, गणपती तोंडावर आले. एरवी लाऊथ जिल्ह्यातली चारदोन मराठी घरं एका हॉलमध्ये जमायची. यंदा घरात माणसं मोजून घ्यायचे दिवस. झूमवर तालीम करून पाहिली, तर एकाचं कडवं संपलं तरी दुसऱ्याचं सुरूही झालेलं नसायचं. देवही गोंधळला असता. तेव्हा ठरलं, की प्रत्येकाने घरी आरती रेकॉर्ड करून पाठवायची आणि वृंदाने ती कॉम्प्युटरवर जोडायची. वृंदाने उडी मारून हो म्हटलं. ही आरती आईला पाठवली, की तिची काळजी मिटणार होती. एवढी माणसं एकत्र गाताना ऐकली, की आणखी कसला पुरावा हवा?

अडचण एकच होती, प्रतापदादा.

प्रतापदादा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या ड्रोहेड्याचे. माणूस सोन्यासारखा. जिल्ह्यात फिरायची मुभा मिळाली, त्याच रविवारी त्यांच्या बायकोने, लताताईंनी केलेल्या पुरणपोळ्या घेऊन ते वृंदाच्या दारात हजर झाले होते. पण या सोन्यासारख्या माणसाच्या हातात झांज दिली की संपलं. पहिलं कडवं ते सगळ्यांबरोबर वाजवायचे, दुसऱ्यात जरा पुढे जायचे आणि तिसऱ्यात आरती संपवून प्रसादाची वाट बघत उभे राहायचे.

वृंदाने सॉफ्टवेअरचं पान उघडलं. डावीकडे बेसिक, फुकट, आठ ट्रॅक. उजवीकडे प्रोफेशनल, हवे तेवढे ट्रॅक, सूर सरळ करायची सोय, शिवाय खरखर पुसायची. तिने मनात हिशेब केला. सात आवाज, उल्हासची पेटी, झाले आठ. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते भक्तीचं नव्हतं.

तिने ग्रुपवर लिहिलं, "बेसिक व्हर्जनच बरं. उगाच वर्गणी कशाला खर्च करायची? फक्त त्यात आठच ट्रॅक मावतात. त्यामुळे फार वाईट वाटतंय, पण झांजेला जागा नाही."

प्रतापदादांचा फोन लगेच आला. "अगं, एवढंच ना? आत्ताच प्रोफेशनल घेऊन टाकलं तुझ्या नावावर. तुझ्या वाढदिवसाची भेट समज. आता इट्स ग्रँड, सगळं झकास!"

"दादा, कशाला हो..."

"आणि ट्रॅक कितीही चालतात म्हणे! मग मी एकच झांज कशाला पाठवू?"

त्यांनी चार पाठवल्या. एक दिवाणखान्यातली, एक जिन्यातली, एक गॅरेजमधली आणि एक न्हाणीघरातली, कारण तिथे घुमतं छान. चारही एकमेकींच्या पुढे धावत होत्या. करायला गेली एक, आणि गळ्यात पडल्या चार.

पण प्रोफेशनलमध्ये प्रत्येक ट्रॅकशेजारी एक इवलंसं म्यूटचं बटण होतं. वृंदाने चारही झांजा गप्प केल्या. काय शांतता! मग तिला रेवतीचा सूर जरा खाली वाटला, तो सरळ केला. तो सरळ झाल्यावर आशिषचा वाकडा वाटायला लागला. विद्याच्या ट्रॅकवर मागे कुकर शिट्टी देत होता, म्हणून विद्याच गेली. चुका काढायची सवय लागलेला हात, तो थांबतोय कशाला? संध्याकाळपर्यंत उरली ती पेटी आणि वृंदाचा आवाज. स्वच्छ, सुरेल, डोळे मिटून ऐकावा असा. स्वतःच्या आवाजावर ती स्वतःच खूश झाली आणि तिने ती आरती तत्काळ आईला धाडली.

आईने ऐकली. फोनवर आधी हवापाण्याचंच विचारलं.

"आवडली नाही का?"

"आवाज छान लागला तुझा," आई म्हणाली. मग हळूच विचारलं, "पण तू एकटीच म्हणून राहिली का गं?"

"नाही गं! आम्ही सगळे आहोत त्यात."

"मला तर कोणी ऐकू येऊन नाही राहिलं."

 एवढ्या माणसांना वृंदाने आपल्या हाताने बाहेर काढलं होतं, आणि आईला दाखवायची होती ती नेमकी तीच माणसं. तिला रडू आलं. रडू आल्याचा तिला रागही आला.

फोन ठेवून ती पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसली. रेवतीचा सूर होता तिथे नेऊन ठेवला. आशिष आला, विद्या आपल्या कुकरसकट आली. झांजांपाशी तिचा हात जरा अडखळला. एकच घ्यावी का? पण आता कंजूषपणा कशाला, म्हणून तिने चारही सुरू केल्या आणि एका हाताने कान दाबत आरती पुन्हा पाठवली.

या वेळी आईचा फोन आरती संपायच्या आतच आला. मागे ती अजून वाजत होती.

"हा कोण मेला एवढी झांज बडवून राहिला?"

"प्रतापदादा. पुरणपोळ्या घेऊन आले होते ते."

"चारचार जण आहेत का बाप्पा?"

"एकटेच आहेत."

आई पोट धरून हसली. मार्चनंतर पहिल्यांदाच. "मेल्याला तालाचा गंध नाही," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, पुढच्या वर्षीही वाजव. तू जेवली का, ते आज मी विचारत नाही."