विनोदिनीवन्सं आणि नवरात्रातल्या गोळ्या

चिंचेने घासायला काढलेली देवाची भांडी अर्धी तशीच मोरीवर ठेवून लिहायला बसले आहे.

विनोदिनीवन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. लहानपणापासून फिटा येत, म्हणून लग्न राहिले. पण उज्जैनच्या मुलींच्या शाळेत आठ वर्षे गणित शिकवतात. हसऱ्या इतक्या की म्हणत, "वहिनी, मी पडले तर आधी चष्मा धरा, डोकं पक्कं आहे." फ्रीगंजातल्या डॉक्टरांचे बाटलीतले औषध सुरू झाले आणि चार वर्षे एकही फिट आली नाही. डॉक्टरांनी बजावले होते, मला विचारल्याशिवाय औषध बदलायचे नाही, एक दिवससुद्धा चुकवायचे नाही.

नवरात्रात नैवेद्याचा स्वयंपाक वन्सं आणि मी सोवळ्यात करतो. बाटलीत कंपाउंडरच्या हातचे पाणी. ते सोवळ्यात कसे चालावे, असे माझ्या मनाने घेतले. शेजारच्या शोभाताईंच्या सासऱ्यांना मिरगीच होती. त्यांच्या उरलेल्या गोळ्या मी मागून आणल्या आणि बाटली बंद करून वन्संना त्याच देऊ लागले. कोरडी गोळी, विटाळ नाही. वन्संनी विचारले, "डॉक्टरांना विचारलंत ना?" मी देवापुढे बसून हो म्हटले.

सातव्या माळेला त्या वर्गात पडल्या. लागोपाठ दोन फिटा. पुढचा दात गेला, मुली रडत बाहेर पळाल्या. मी मुकाट्याने बाटली पुन्हा सुरू केली. आता शाळेच्या मुख्याध्यापिका, बडी बहनजी, म्हणतात, औषध लागू पडत नसेल तर घरीच बसा. पहिल्या नोव्हेंबरला मध्य भारत राज्य जाऊन नवे राज्य होतेय, शिक्षिकांच्या नव्या यादीत तुमचे नाव कसे धाडू? डॉक्टरही तेच समजून औषध वाढवायचे म्हणताहेत. हे तर वन्संवरच खेकसले, डोस चुकवलास म्हणून. त्या ओठाला रुमाल लावून म्हणाल्या, "चुकला असेल, दादा." माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

आज सकाळी स्वयंपाकघरात मी वाकून त्यांचे पाय धरायला गेले. त्यांनी पाय मागे घेतले.

"पाय नकोत, वहिनी. मला शाळेत दाखवायला डॉक्टरांची चिठ्ठी हवी. औषध बदललं म्हणून पडले, एवढी."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच वस्तू. यांना मी सगळे सांगितले. हे न जेवताच कचेरीत गेले.

आता फ्रीगंजात डॉक्टरांकडे जाऊन, औषध मी बदलले होते हे सांगून, चिठ्ठी आणायची आहे.