गिरिजाचं मस्कत

बाळीवेशीतल्या गिरिजाची रोजनिशी लिहिली जायची सोलापुरात, पण घडायची मस्कतला. तिचे अप्पा, चनबसप्पा, गिरणीतलं फिटरचं काम सोडून तिकडच्या वीजकेंद्रात गेले, तेव्हा ती आठवीत होती. अप्पांच्या पत्रात कधी बंदर यायचं, कधी काळे उघडे डोंगर. तेवढ्या भांडवलावर पोरीनं आख्खं शहर उभं केलं. वहीत ती अप्पांबरोबर बंदरावर खजूर आणायला जायची, सलमा नावाच्या मैत्रिणीशी कट्टी-बट्टी करायची. शहाणी झाली तीसुद्धा वहीत मस्कतलाच, आणि सलमाच्या आईनं तिला म्हणे हलवा भरवला!

तिची आई नागव्वा निरक्षर. संध्याकाळी ज्वारी निवडता निवडता ती विचारायची, "आज काय केलं गं तुमी तितं?" गिरिजा वाचायची. सगळं खोटं आहे हे दोघींना ठाऊक होतं, आणि दोघींचं त्यावाचून चालत नव्हतं.

गिरिजा मॅट्रिकला बसली त्या उन्हाळ्यात मस्कतहून तार आली. चनबसप्पा काम करता करता कोसळले आणि गेले. अंत्यविधीचं काय ते कळवा. मयत इतक्या लांबून आणायची ऐपत कुणाची? काका महादेवप्पा रडत म्हणाले, "तितंच होऊ दे, पोरी." घरात इंग्रजी येणारी ती एकटीच. तिनं पोस्टात जाऊन उलट तार केली : अंत्यविधी तिथेच करावेत.

मातीत पुरा, असं तिनं लिहिलं नाही. घरात कुणाला सुचलंही नाही. लिंगायत माणसाला बसवून, त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून समाधी देतात, हे काय कुणाला सांगायला लागतं? बाळीवेशीत तरी लागत नाही.

पुढे पावसाळ्यात मुकुंद पेडणेकर नावाचा माणूस घर शोधत आला. मालवणचा, अप्पांच्याच खोलीत राहणारा. त्यानं तांबड्या फडक्यानं तोंड बांधलेला एक तांब्या अलगद पुढ्यात ठेवला.

"सगळं यथासांग केलं, वहिनी. तिकडे आपल्या लोकांची स्मशानभूमी आहे. अग्नी मीच दिला."

"अग्नी?" नागव्वा म्हणाली.

त्याला वाटलं, बाईंना नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून सोडली. आत अप्पांच्या लिंगाची चांदीची डबी होती, दोऱ्यासकट. "आगीत जाऊ नये म्हणून गळ्यातून मी स्वतः काढून ठेवली. इतके दिवस जिवापाड जपली." आणि बिचारा आभाराची वाट बघत बसला.

नागव्वानं डबी उचलून पदरात घेतली. ती म्हणाली, "आमच्यात जाळत न्हाईत ओ. आन् लिंग तर मेल्यावरबी काडत न्हाईत. तुमी त्यास्नी उगडं करून जाळलं?"

मुकुंदनं हात जोडले. "मला माहीत नव्हतं हो. तारेत तसं काहीच नव्हतं."

सगळ्यांच्या नजरा गिरिजाकडे वळल्या. ज्या शहरात तिनं अप्पांना रोज हिंडवलं, तिथं तिच्याच तारेनं त्यांना सरणावर चढवलं होतं.

मुकुंद डोळे पुसत उठला. नागव्वा म्हणाली, "च्या घेतल्याबिगर जाऊ नका." त्यानं तो उभ्याउभ्याच घेतला.

दुसऱ्या दिवशी मठाच्या स्वामींनी सांगितलं तशी समाधी दिली. खणणाऱ्यांनी सवयीनं बसत्या माणसाच्या मापाचा खड्डा काढला होता. एवढ्या मोठ्या खड्ड्यात तो तांब्या ठेवला, त्यावर लिंग ठेवलं, तेव्हा महादेवप्पांना बघवेना. गिरिजाच्या डोळ्यांत पाणीही आलं नाही.

दिवेलागणीला नागव्वा ज्वारीचं सूप घेऊन बसली. "वही आण. त्यास्नी तितं बशिवलं, हातावर लिंग दिलं, आसं लिव. तू वाचलंस की मी खरं धरीन."

गिरिजानं वही उघडली. मस्कतची पानंच्या पानं भरताना कधी न अडलेला हात आज हलेना. बऱ्याच वेळानं तिनं एक ओळ लिहिली.

"झालं? वाच की."

गिरिजानं वाचलं. अप्पांना कसं आंघोळ घालून विभूती लावली, कसं मांडी घालून बसवलं, सलमाच्या घरच्यांनीसुद्धा कशी मूठभर माती दिली. नागव्वा सूप बाजूला ठेवून ऐकत होती, मान हलवत होती, पहिल्यांदाच मोकळेपणी रडत होती.

पानावर एवढंच होतं : मी मस्कत कधीच पाहिलेलं नाही.