माझ्या वाट्याचा कांदा

आमच्या घरी लिलीच्या गड्ड्याला कांदाच म्हणत. होळीनंतर जाड हिरव्या दांड्यावर चार-चार लाल फुलं काढणारी ती लिली आईने माहेरून आणली होती, आणि तिच्या आईने तिच्या माहेरून. घरची मुलगी सासरी निघाली की ओटीतल्या तांदूळ-नारळाबरोबर एक कांदा द्यायचा, एवढाच रिवाज. कोणी सुरू केला ते आईलाही ठाऊक नव्हतं.

ताईच्या लग्नात मी पाठराखीण म्हणून तिच्यासोबत अकोल्याला गेले. नवी नवरी अंगणात माती उकरत कशी बसणार, म्हणून तिचा कांदा मीच लावला, हापशीपासून थोडा दूर, मान मातीच्या वर ठेवून. नवे भाऊजी शेजारी उभे होते. याला फुलं येतात की याची भजी करायची, असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं. ताई आत खिडकीशी हसली, ते मला ऐकू आलं.

माझ्या वाट्याचा कांदा आईने वेगळ्या कुंडीत ठेवला होता. दोन ठिकाणी बोलणी होऊन फिसकटली, मग बाबा गेले, मग मी सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. अमरावतीच्या दोन खोल्यांत आई आणि मी राहू लागलो. लग्न करायचं नाही असं कोणीच ठरवलं नाही. त्याबद्दल बोलणं हळूहळू थांबलं, इतकंच. आई आधी म्हणायची, "हा तुह्या लग्नात द्याचा." पुढे म्हणेनाशी झाली. कुंडी मात्र वेगळीच राहिली. तिच्यातल्या कांद्याला फुटलेली पिल्लं शेजारी वाटली गेली, पण मधला कांदा कोणाला दिला नाही. कुठे जायचं नसल्यामुळे तो वाढत राहिला आणि माझ्या दोन मुठींत मावेना एवढा झाला.

ताई अचानक गेली. तिच्यामागे दोन वर्षांनी आई. आईनंतर सगळ्या कुंड्या मीच पाहत होते. तशी आधीही मीच पाहत होते, फक्त आता "पाणी टाकलं काय?" असं आतून कोणी विचारत नव्हतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन श्रावणात झालं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, मातीत हात घालायचा नाही असं बजावलं होतं. दुसऱ्या डोळ्याने आधीपासूनच धूसर दिसायचं. पावसाची झड लागली होती. मी दाराशी खुर्ची घेऊन बसायची. पानं कमी दिसतात हे लक्षात आलं होतं, पण ते डोळ्यामुळेच, असं मी समजले. डबा आणून देणारी बाई दारातूनच परत जायची. तिला कुंड्या दाखवाव्यात हे सुचलंच नाही.

नवा चष्मा आला त्या दिवशी सगळं लख्ख दिसलं. कुंड्यांत एक पान नव्हतं. काळ्या, ठिपकेवाल्या अळ्या पानं संपवून मानेतून कांद्यात उतरल्या होत्या, आणि त्यांनी केलेल्या भोकांतून पाणी शिरलं होतं. मी आईचे कांदे एकेक करून काढले. हातात घेतला की फुटायचा. माझा मोठा कांदा वरून धड वाटला. खालून दाबला तर बोट आत गेलं. मी हात धुतले आणि बराच वेळ नळ बंदच केला नाही.

मग ताईचा कांदा आठवला. भाऊजींशी सणासुदीपलीकडे बोलणं राहिलं नव्हतं. मुलगा हैदराबादला, ते अकोल्यात एकटे. फोन करून झालं ते सांगितलं, आणि तुमच्याकडचं एखादं पिल्लू द्याल का, असं विचारलं. ते म्हणाले, या, घेऊन जा.

दिवाळी झाल्यावर मी बसने गेले. मूर्तिजापूरपर्यंत शेजारची बाई मुलीच्या बाळंतपणाचं बोलत होती. ती उतरल्यावर जागा रिकामीच राहिली.

भाऊजी वाळले होते. अंगणात फरशी बसवताना त्यांनी कांदे उपटून सिमेंटच्या जुन्या टाक्यात लावले होते. पानांची नुसती गर्दी झाली होती, माती चिखलासारखी ओली. ताई गेल्यापासून एकदाही फूल आलं नाही, असं त्यांनी सांगितलं. पाणी किती देता, म्हणून मी विचारलं.

"रोज देतो," ते म्हणाले. "तुमची ताई रोज सकाळी म्हणे ना, झाडायले पाणी टाका. मंग टाकतो."

ताई त्यांना तुळशीबद्दल, मोगऱ्याबद्दल सांगत असणार. कांद्यांचं ती स्वतः पाहायची. हे मी त्यांना सांगितलं नाही. बहर यावा म्हणून संत्र्याला जसा पाण्याचा ताण देतात तसा यालाही द्यावा लागतो, एवढंच म्हटलं. दिवाळीनंतर पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची, होळीच्या आधी पहिलं पाणी. संत्र्याचं नाव काढल्यावर त्यांना लगेच समजलं.

"म्हंजे मीच त्यायले फुलू देऊन नाई राहिलो," ते म्हणाले, आणि कुदळ आणायला गेले.

आम्ही दोघांनी मिळून टाकं उकरलं. कांदे एकमेकांना चिकटून चपटे झाले होते, पण कडक होते. भाऊजी म्हणत होते, सगळेच न्या. मी अर्धे घेतले आणि अर्धे वाळू-शेणखत घालून पुन्हा तिथेच लावून दिले. त्यांनी चहा केला. साखर विसरले. मी तसाच प्यायले.

त्यानंतर आमचे वर्षाला दोन फोन होऊ लागले. दिवाळीनंतर, पाणी तोडलं का, आणि होळीच्या आधी, पाणी टाकलं का. पहिल्या उन्हाळ्यात माझ्याकडे नुसती पानं आली. एका दुपारी त्यांचा अवेळी फोन आला. काही झालं की काय, म्हणून मी घाबरले.

"आलं," ते म्हणाले. "दोन उमलले, दोन मिटून हायत. आतून हिरवं असते काय हो ते? मी कधी पाह्यलंच नव्हतं."

असतं, मी म्हटलं. त्यांच्याकडच्या पंख्याचा आवाज येत राहिला.

मागच्या वर्षी मुलाने घर विकायचं ठरवलं आणि वडिलांना हैदराबादला न्यायला आला. जाण्याआधी ते अमरावतीला येऊन गेले. मुलाला उशीर होत होता, तो गाडीतच थांबला. भाऊजींनी कांद्यांचं पोतं दारात ठेवलं. तिथं बाल्कनीत ऊन येत नाही म्हणतात, असं ते म्हणाले. पाणी प्यायले. आता सगळे तुमच्यापाशीच, असं म्हणून चपला घालू लागले. गाडी वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. मागच्या काचेतून त्यांनी वळून पाहिलं की नाही, ते उन्हामुळे कळलं नाही.

ते कांदे लावायला मला आठवडा लागला. गुडघे साथ देत नाहीत. लावताना मनात येत होतं, माझ्यानंतर हे कोणाला द्यायचे? भाच्याची बायको गोड आहे, पण दहाव्या मजल्यावर राहते. शेजारच्या नव्या भाडेकरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आम्ही वर्षभरच आहोत.

या मार्चमध्ये सात दांडे एकदम आले. सकाळी मी गेट उघडं ठेवलं, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावेत म्हणून. दुधवाला छान म्हणाला. मग भाऊजींना फोन लावला. त्यांना आता कमी ऐकू येतं. दांडे किती, त्यांनी विचारलं. मी सात म्हटलं. त्यांना आठ ऐकू आलं.

"आठ म्हंजे लई झाले," ते म्हणाले.

मी आठच राहू दिले.