वगळलेली सहा पानं

ही वही कुणाच्या हातात पडलीच तर आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले. नंतर पेन हातात आला तो बचतगटाच्या रजिस्टरवर सही करण्यापुरता. ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने लावते. ही लेकीची जुनी वही आहे, मागची पानं कोरी राहिली होती. तोंडाने सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

लेक पहिल्या बाळंतपणाला नांदेडला आमच्याकडे आली तेव्हा तिच्या बॅगेत बाळाची दुपटी होती आणि एक जाड पुस्तक. युरोपचा इतिहास, प्राचीन काळापासून धर्मसुधारणेपर्यंत. बी.ए.चे बाकी सगळे पेपर निघाले होते, हा एकच दोनदा राहिला होता. बाळ झालं आणि चार दिवसांनी वेळापत्रक आलं. मी बोटांवर मोजलं. पेपर बरोबर त्रेचाळिसाव्या दिवशी, तोही लातूरला, कारण तिचं सासर तिथलं. तिच्या सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, या खेपेला निघाला तर बी.एड.ला घालू, नाही तर पुस्तकं बांधून माळ्यावर. माणूस वाईट नाही, पण बोलला की बोलला.

फॉर्म भरायची मुदत उलटली होती. विलंब शुल्क, फी आणि जाण्यायेण्याचा खर्च धरून मी बचतगटातून दोन हजार उचलले. आमच्या गटाची अध्यक्ष म्हणजे गल्लीतली मालीश करणारी मावशी. बाळ-बाळंतिणीला अंघोळ घालायला रोज सकाळी तीच यायची. रजिस्टरात कर्जाचं कारण लिहावं लागतं. वरच्या ओळीत कुणाची शेळी होती, कुणाचा दवाखाना. माझ्या ओळीत ‘परीक्षा फी’ लिहिताना मावशी सगळ्या बायांसमोर म्हणाली, "शेळी घेतली असती तर दूध तरी दिलं असतं." बाया हसल्या. मी सही केली आणि खाली बघत बसले.

पण खरी अडचण पुढे होती. बाळंतिणीने सव्वा महिना वाचायचं नाही, डोळे कायमचे अधू होतात, असं आमच्याकडे मानतात. लेक पहिल्याच आठवड्यात पुस्तक उघडून बसलेली मावशीने पाहिली आणि तिच्या हातातून ते काढून घेतलं.

"अगं काय करून राहिली? डोळे घालवायचेत का?"

"मावशी, तुम्हीच तर पैसे दिले परीक्षेला."

"पैसे दिले म्हणून डोळे देती काय? मोबाईलबी न्हाई बघायचा. कानाला बांध आधी."

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी कुणाशी वाद घालत नाही. मी हात पुढे केला, मावशीकडून पुस्तक घेतलं आणि म्हणाले, "मी वाचते." माझाच आवाज मला परका वाटला.

तेव्हापासून रोज दुपारी मी वाचायची आणि ती बाळाला पाजत ऐकायची. पहिले दिवस एक पान वाचायला अर्धा तास लागला. नावं तर जिभेवर चढत नव्हती. मग आम्ही आपलीच नावं ठेवली. लाकडी घोड्यातून शहरात शिरणारे शिपाई, विषाचा प्याला पिणारा म्हातारा. त्या म्हाताऱ्याचं वाचत होते त्या दिवशी मावशीला यायला उशीर झाला होता, दुपारी ती बाळाला शेक देत होती. तिने विचारलं, "त्याला सोडून द्यायला तयार होते ना?"

"पळून जायची सोय केली होती म्हणे शिष्यांनी," लेक म्हणाली.

"मग प्याला कशाला? घरी बायको-लेकरं न्हाईत का? असल्या खऱ्याला काय चाटायचंय."

लेक हसत होती आणि मी मनात म्हणत होते, हे हसणं परीक्षेत कामाला येणार आहे का? रात्र-दिवस मला तेच. मी चुकीचं वाचलं तर तिच्या डोक्यात चुकीचंच बसणार. सरदारांचे किल्ले आले तेव्हा मी कंधारचा किल्ला आणि त्याचा पाण्याने भरलेला खंदक डोळ्यांसमोर आणला, कारण तेवढाच किल्ला मी पाहिलाय. मठात बसून अख्खी पुस्तकं हाताने उतरवणारे साधू आले तेव्हा मला वाटलं, माझं अक्षर बघून मला तर त्या मठाच्या स्वयंपाकघरात पाठवलं असतं.

आता जे लिहायचं ते लिहिते. आमच्या दोनच खोल्या. पुढच्या खोलीत यांचं शिलाईचं मशीन आणि गिऱ्हाईक, मागच्या खोलीत आम्ही, मधे पडदा. वाचणं पुढे ऐकू जायचं. हे कधी बोलले नाहीत, पण गोष्ट रंगात आली की मशीन थांबायचं. तेवढ्यावरून मला कळायचं.

ग्रीसच्या धड्यात पुतळ्यांचा भाग आला. पान उलटलं तर संगमरवराच्या माणसांची चित्रं, अंगावर सूत नाही. खाली लिहिलं होतं की उघड्या मानवी देहाचं सौंदर्य त्या लोकांनी कसं दाखवलं. मी पहिली ओळ वाचली आणि पुढचं मशीन थांबलं. पुढे एक गिऱ्हाईक पँटच्या तुरपाईसाठी बसलेलं होतं, वयस्क गृहस्थ, त्यांचा खोकला मला ओळखू आला. माझे कान तापले. मी लेकीकडे पाहिलं, बाळ छातीशी, तिचे डोळे मिटलेले. मी सहा पानं एकत्र उलटली आणि रोमचे रस्ते वाचायला लागले. पुढे मशीन परत सुरू झालं.

नंतर घरात कुणी नसताना वाचून दाखवीन असं ठरवलं होतं. पण आमच्या घरी एकटेपण कुठे असतं? रोज उद्यावर ढकललं. शेवटी धर्मसुधारणा आली आणि मी त्यातच अडकले. तिकडे पापाच्या माफीच्या चिठ्ठ्या विकायचे. पैसे भरा, चिठ्ठी घ्या, शिक्षा माफ. एका साधूने त्याविरुद्ध लिहिलं आणि म्हणे चर्चच्या दारावर कागद लावला. तो धडा मी तीनदा वाचला. लेक म्हणाली, "आई, हे पाठ झालं की." मी म्हणाले, "असू दे." मला त्या चिठ्ठीची भीती वाटत होती. आणि त्या दारासमोर उभ्या माणसाचीही. एवढ्या लोकांत कागद लावायला हात कसा उचलला असेल?

त्रेचाळिसाव्या दिवशी पहाटे आम्ही लातूरची एस.टी. धरली. पुस्तक माझ्या पिशवीत, दुपट्यांच्या खाली. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा लेकीने बाळाला पाजलं. मला वाटलं, आता सांगावं. सहाच पानं आहेत, लातूर येईपर्यंत होतील. पुस्तक बाहेर काढलं.

"नको आई," ती म्हणाली, "आता बघितलं की जे ऐकलंय तेबी विसरून जाईन. सगळं झालंय ना आपलं?"

"हाव," मी म्हणाले आणि पुस्तक परत दुपट्यांखाली घातलं.

तीन तास मी कॉलेजच्या गेटजवळ लिंबाखाली बाळाला घेऊन बसले. ते रडलं की मला वाटायचं, आत तिला ऐकू जात असेल. ती बाहेर आली ती हळूहळू चालत.

"पुतळ्यांवर आलं होतं, सोळा मार्कांना. तो प्रश्न सोडायची सवलत नव्हती." मग बाळाला माझ्याकडून घेत तिने विचारलं, "हे तू वाचलंच न्हाई, का मी झोपले होते?"

तिने मला दोन रस्ते दिले होते. मी म्हणाले, "झोपली असशील. बाळाने रात्री झोपू दिलं नव्हतं."

तिने मान हलवली. "लई मोठा धडा गेला मग."

मी तिला सासरी पोचवून एकटीच नांदेडला आले. रिझल्टला अडीच महिने लागले. फॉल-पिकोचे पैसे साठवून दर महिन्याला पाचशे आणि व्याज मी गटात भरत होते. दर वेळी मावशी विचारायची, "लागला का निकाल?" आणि दर वेळी मी नुसत्या नोटा पुढे सरकवायची. लेकीचा फोन आला की ती म्हणायची, "सोळा मार्क मीच घालवले, झोपून." जावई तिला चिडवतात, युरोपात गेली आणि झोपली. ती हसायची आणि मी फोन यांच्या हातात द्यायची.

मग एक दिवस ती फोनवर ओरडतच बोलली. निघाला होता. चाळीसला पास, तिला बेचाळीस. "आई, माफीच्या चिठ्ठ्यांनी वाचवलं. तो प्रश्न मोठा आला होता, मी पुरवण्या लावून लिहिला." सासऱ्यांनी बी.एड.चा फॉर्म आणायला सांगितला होता.

मला वाटलं, सुटले. आता सांगायची गरज नाही. दोन दिवस असंच वाटलं. तिसऱ्या दिवशी शेवटच्या हप्त्याचे पैसे डब्यातून काढत होते आणि तेव्हाच लक्षात आलं की मी पण चिठ्ठीच विकत घेतेय. पैसे भरले, निकाल चांगला लागला, म्हणजे गेटजवळ बोललेलं खोटं मिटलं, असं मी धरून चालले होते. तीनदा वाचूनही मला कळलं नव्हतं.

मी फोन लावला. "तू झोपली नव्हतीस," मी म्हणाले. "ती पानं मीच वाचली न्हाईत. पुढे गिऱ्हाईक होतं. मला लाज वाटली."

 मी फोन कानाला घट्ट धरला.

"अन् गेटवर?"

"गेटवर भ्याले."

"अडीच महिने हे लोक मला झोपाळू म्हणून राहिलेत, आई." आवाजात राग होता. मी ऐकून घेतला. मग ती म्हणाली, "पुस्तक तुझ्यापाशीच हाय ना? वाच मग आता."

"आत्ता?"

"आत्ता. मोठ्यानं."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. पडद्यापलीकडे हे कुणाच्या तरी ब्लाउजला शिलाई मारत होते. मी फोन मांडीवर ठेवला आणि वाचायला लागले. उघड्या मानवी देहाचं सौंदर्य. मशीन थांबलं. मी थांबले नाही. सहा पानं संपली तेव्हा पलीकडून हे म्हणाले, "त्या गावात शिंप्यानं खायचं काय?"

लेक फोनमध्ये इतकी हसली की बाळ उठलं.

सोमवारी गटाची बैठक होती. मी शेवटचे पाचशे आणि वरचं व्याज मावशीच्या हातात दिलं. तिने नोटा दोनदा मोजल्या आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"पास झाली न्हवं? मग इथं काय लिहायचं ते तूच लिही."

‘परीक्षा फी’ लिहिलेल्या ओळीच्या शेवटी मी माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, पूर्ण फेड, बेबाक. खाली सही केली.