पाल्याचं नाव

आमच्या घरात काविळीचं औषध होतं. तेलगावच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं शेत, शेतातच घर. दर रविवारी उजाडायच्या आत ओट्यावर माणसं येऊन बसायची. डोळे पिवळे, अंगाभोवती शाल, सोबत घरून आणलेलं गाईचं दूध. माझे सासरे पाट्यावरवंट्यावर पाला वाटायचे आणि दुधात कालवून द्यायचे. उपाशीपोटी प्यायचं, हळद-तेल बंद, सुई टोचून घ्यायची नाही. पैसे घ्यायचे नाहीत हा घरचा नियम. बरं झालेलं माणूस नारळ घेऊन यायचं. आमच्याकडे खोबऱ्याची चटणी कधी संपली नाही.

दुसरा नियम याहून कडक होता. पाल्याचं नाव कुणाला सांगायचं नाही. नाव फुटलं की गुण गेला. सासऱ्यांना ते त्यांच्या वडिलांनी कानात सांगितलेलं. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. खरं तर नाव माझ्या नवऱ्याला मिळायचं, पण ते कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचे, हंगामात त्यांना रविवार काय आणि सोमवार काय. म्हणून सासऱ्यांनी मला देवासमोर बसवलं, शपथ घातली आणि नाव सांगितलं. मला फार अभिमान वाटला. बारावी झालेली मी गोठा आणि चूल करत होते, आता माझ्या हातचं प्यायला परळीपासून माणसं येणार होती. का नाही वाटणार?

क्लच दाबून दाबून यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. फोनवर कुणीतरी गुळवेलीचा व्हिडिओ पाठवला. बांधावरच्या कडुलिंबावर चढलेली वेल आमच्याकडे होतीच, आणि लिंबावरची गुळवेल सगळ्यात गुणाची असं सगळेच म्हणतात. मी रोज सकाळी बोटभर लांबीचे तुकडे ठेचून उकळायचे आणि पेलाभर काढा यांच्या हातात द्यायचे. हे तोंड वेडंवाकडं करायचे.

"एवढा मोठा ट्रॅक्टर हाकता आन पेलाभर काढ्याला भेता व्हय?" मी चिडवायचे.

दुखणं कमी झालंसं वाटलं, म्हणून एकाचे दोन पेले झाले. वर्षभर चाललं. झाडाचंच आहे, त्यानं काय होतं, असं मीच म्हणायचे.

मागच्या हंगामाच्या तोंडाला यांची भूक गेली. अंगाला खाज सुटली. एके दिवशी जेवताना मी समोर बसले आणि यांचे डोळे पाहिले. खरं सांगते, घाबरले नाही. उलट जरा हायसं वाटलं. एवढ्या आजारांतून नेमका तोच झाला होता ज्याचं औषध आमच्या घरात होतं. परक्यांना तीन रविवार द्यायचो, घरच्या माणसाला रोज सकाळी, सात दिवस द्यायचं ठरलं. काढा चालूच ठेवला, तो रक्त साफ करतो म्हणून.

चौथ्या दिवशी हे भरदुपारी अंगणात उभे राहून मला म्हणाले, "ट्रॅक्टर कुठं लावलाय गं मी?" ट्रॅक्टर त्यांच्या पाठीशीच उभा होता. मी बोटानं दाखवला. त्यांनी वळून पाहिलं आणि पुन्हा तेच विचारलं. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही बीडला दवाखान्यात गेलो.

डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी डोळे पाहिले, पोट दाबलं, मग माझ्याकडे वळल्या. "घरी काही दिलंय का? झाडपाला, काढा, भस्म?"

"न्हाई," मी म्हणाले. अडखळले नाही. शपथ होती.

यांच्या हातात सलाईनची सुई लागली. मी बाहेर येऊन सासऱ्यांना फोन केला. सुई लागल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "सुईनं पाल्याचा गुण उतरतो. आता दुप्पट दे. सात दिस मोडू नको."

मोडले नाहीत. पाल्याचं गाठोडं मी पिशवीत साड्यांच्या घडीत ठेवलं होतं. सकाळी वॉर्ड झाडायला यायच्या आत न्हाणीत जाऊन डब्याच्या झाकणात पाला चुरगाळायचे, दुधात मिसळायचे, यांची मान उचलून पाजायचे. हे प्यायचे. मला ओळखत नव्हते तरी प्यायचे.

तिसऱ्या सकाळी सगळं उलटून पडलं. पांढऱ्या चादरीवर हिरवं. सिस्टरनं डॉक्टरांना बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, काय आहे ते सांगा. यांचं लिव्हर काम करेनासं झालंय."

मी नाव सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं. आता काहीतरी होईल असं वाटून मी थांबले. काही झालं नाही. पंखा फिरत होता. ते नाव मी इथेही लिहीत नाही. गुण जाईल म्हणून नाही, उद्या कुणी वाटून पिईल म्हणून.

"आणखी काही?"

"औषध असं दुसरं काय न्हाई. गुळवेल तेवढी, पण ती रोजचीच."

"किती दिवसांपासून?"

"झालं की एक साल."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश समजावलं. खाल्लेलं-प्यालेलं सगळं लिव्हरकडे जातं, झाडाचंही. गुळवेल सगळ्यांनाच बाधते असं नाही, पण काहींना बाधते, आणि आधी तिनंच कावीळ आणली असावी. त्यावर आम्ही पाला घातला. मी विचारलं, मग आमच्याकडे एवढी माणसं बरी कशी झाली? त्या म्हणाल्या, पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची विश्रांतीनं आपोआप जाते. मी मान हलवली. बरे झालेले नारळ घेऊन यायचे. बरे न झालेल्यांच्या घरून कुणी सांगायला आमच्याकडे कशाला येईल? इतक्या वर्षांत हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दोन दिवसांनी हे गेले. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. मला रडू आलं नाही. मी पिशवी आवरली, डब्याचं झाकण धुतलं, साड्यांतला उरलेला पाला काढून दवाखान्याच्या बादलीत टाकला. माझे हात आपले आपण काम करत होते.

माती झाल्यावर सासरे माझ्याजवळ येऊन बसले. एकुलता एक लेक गेलेला. मला वाटलं, लेकाचं काही विचारतील. त्यांनी आवाज खाली करून विचारलं, "नाव तर सांगितलं न्हाईस ना?"

त्यांच्या तोंडाकडे बघून मी म्हणाले, "न्हाई."

"बरं झालं. घरातलं तेवढं तरी राह्यलं."

कुणीच मला दोष दिला नाही. सुईनं घात केला असं सगळा गाव म्हणाला. मला कुणीतरी शिव्या घालायला हव्या होत्या, आल्या-गेल्यांनी चहा घेतला आणि पाठीवरून हात फिरवला.

तेरावा झाल्यावर पहिल्याच रविवारी ओट्यावर माणसं येऊन बसली. सासरे पाटा घेऊन बसलेले. त्यांनी आत बघून हाक मारली, "सूनबाई, पाला आण." मी पाला घेऊन बाहेर आले. सगळ्यात पुढे एक बाई होती, तिच्या मांडीवर डोकं ठेवून सात-आठ वर्षांची लेक पडलेली. लेकीनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

मी ओट्यावर उभी राहून पाल्याचं नाव मोठ्यानं सांगितलं. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा सांगितलं. ते कुठे उगवतं, फूल कसं येतं, तेही सांगितलं.

सासऱ्यांनी हातातला वरवंटा खाली ठेवला. "हे काय केलंस गं?"

"यांना मीच पाजलं, मामा," मी म्हणाले. "दवाखान्यात चोरून पाजलं. दुप्पट."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गुण तर गेलाच होता, माणसं एकेक करून उठायला लागली. ती बाई मात्र जागची हलली नाही. तिचा आवाज चढला. "बाई, तुमी असं केल्यावर आता माझ्या लेकीला घिऊन मी कुठं जावं?"

"बीडला," मी म्हणाले. "आताच निघा. आन डाक्टरनं इचारलं की समदं सांगा."