बंडीच्या फळ्यांचा ओटा

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत अकोटाकडच्या आमच्या गावात सुतार सापडणं म्हणजे देव भेटण्यासारखं होतं. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, विलायतेला आमचा कापूस हवा होता आणि तो अमरावतीला न्यायला बैलांच्या बंड्या हव्या होत्या. बरं सागवान दिसलं की त्याची बंडी होई. अशा दिवसांत मी आईसाठी लाकडी ओटा करायचं मनावर घेतलं. सुताराने हसून वाटेला लावलं. म्हटलं, नको तर नको, मला हात आहेत.

आई आडाजवळ घसरून पडली होती. मांडीचं हाड वेडंवाकडं जुळलं आणि तिला खाली बसता येईना. चूल जमिनीवर, काठवट जमिनीवर. स्वयंपाक काकूच्या हाती गेला. काकू चांगली होती. पण मीठ कमी पडलं तरी अख्ख्या घराला धारेवर धरणारी आई आता भिंतीला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "जे असन ते वाढा."

आमची जुनी बंडी मोडून गोठ्यामागे पडली होती. फळ्या सागाच्या, पण कापसाच्या गठ्ठ्यांनी घासून खळगे पडलेल्या. विळ्याच्या पात्याने त्या खरवडल्या, विटेच्या तुकड्याने घासल्या, फटींत लाख वितळवून भरली, जवसाचं तेल चोळून उन्हात वाळवल्या. बाभळीचे खुंट पुरून आईच्या कमरेच्या उंचीवर बसवल्या. शेजारी मातीचा कट्टा रचून चूल वर चढवली. गाव बघायला आलं. "उभ्यानं सैपाक? घोडा हाय का तुही माय?" एकाने विचारलं. त्याला मी बखोटीला धरून रस्त्यापर्यंत पोचवलं.

आईने उभ्याने पहिली भाकर थापली, भाजली, फळीवर ठेवली. फळी तापली आणि घरभर वंगणाचा वास सुटला. सारा जन्म चाकाशेजारी गेलेलं लाकूड ते, एरंडेल आणि काजळी पार आत मुरलेली. आईने भाकर हुंगली आणि बाजूला सारली.

"राहू दे बापू. माह्या नशिबात नाई."

नशीब कसलं, बंडी लबाड होती. मी फळ्या उतरवल्या, राखेचं उकळतं पाणी ओतून धुतल्या, भिंतींना लावायची पांढरी माती त्यांवर जाड थापली आणि उन्हात टाकल्या. माती तेल पिऊन काळवंडे. ती खरवडायची, नवी थापायची. शेवटी माती पांढरीच राहिली तेव्हा थांबलो. पुन्हा जवसाचं तेल, पुन्हा ऊन.

या खेपेला आई यायलाच तयार नव्हती. हाताला धरून मी तिला ओट्याशी आणलं. भाकर टम्म फुगली, फळीवर आली. वास आला तो फक्त ज्वारीचा. आईने तुकडा मोडून खाल्ला आणि घरभर नजर फिरवली.

"काहून रे, पीठ कोणं चाळलं? कोंडा तसाच हाय. अन् ओटा इकून उतरता काहून केला? काठवट घसरून राहिली ना! तुले एक काम धड जमते का?"

काकू तोंडाला पदर लावून हसू लागली. आई थांबायचं नाव घेईना. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. इतके दिवस त्या फळ्या मी हे ऐकायलाच घासत होतो.